स्टिअरिंग ढिलं लागतंय? आधी सैल सांधा शोधा



पूर्वी गावात एखाद-दुसरी जीप असायची आणि तिची काळजी तिचा ड्रायव्हरच घ्यायचा. आता कुणाच्या दारात पिकअप आहे, कुणाकडे ट्रॅक्टर, तर कुणी जुनी मोटार विकत घेतलेली आहे. नारायणगावचा भाजीपाला माळशेज घाट उतरून कल्याणला जातो, नाशिकचा माल कसारा घाटातून मुंबईकडे जातो, आणि गाडी चालवणारा बहुतेक वेळा घरचाच मुलगा असतो. इंजिन बंद पडलं तर गाडी जागेवर उभी राहते, फार तर माल उशिरा पोचतो. पण भरल्या गाडीचा पुढच्या चाकाचा सांधा घाटातल्या वळणावर निसटला, तर गाडी आपल्या हातात राहत नाही. म्हणून आजच्या पत्रकात पुढच्या चाकांच्या ढिलेपणाबद्दल सांगतो आहोत.

बैलगाडीचा आस झिजला की चाक डुलायला लागतं, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. मोटारीतही तेच होतं. फरक एवढाच की इथं आस एक नसतो, सांध्यांची माळ असते. तुमच्या हातातल्या स्टिअरिंगच्या चक्रापासून दांडा निघतो, तो स्टिअरिंग बॉक्समध्ये जातो. बॉक्समधून ड्रॉप आर्म बाहेर येतो, त्याला ड्रॅगलिंक जोडलेली असते. दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधतो तो टायरॉड. या दांड्यांच्या टोकाला बॉल जॉइंट असतात. चाक ज्याच्यावर उजवी-डावीकडे वळतं तो किंगपिन, आणि चाक ज्याच्यावर फिरतं ते हबमधलं बेअरिंग. यातला प्रत्येक सांधा केसभर झिजला तरी चक्रावर सगळ्यांची बेरीज होऊन बोटभर खेळ जाणवतो.

‘स्टिअरिंग ढिलं लागतंय’ ही तक्रार झाली, तो काही रोग नव्हे. अंगात ताप आहे एवढ्यावर वैद्य औषध देत नाही, तसंच इथंही आहे. कोणता सांधा सैल झाला हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका आणि एकही नट आवळू नका. हे तपासायला मोठं गॅरेज लागत नाही. दोन माणसं, एक जॅक, एक टॉमी, टॉर्च आणि सकाळचा एक तास पुरतो.

किती खेळ चालतो?

चाकं सरळ ठेवून चक्राच्या कडेवर खडूनं खूण करा. आता चक्र हलक्या हातानं एका बाजूला फिरवा आणि पुढचं चाक हलू लागतं तिथं थांबा. मग उलट बाजूला तसंच करा. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे मोकळा खेळ. चांगल्या स्थितीतल्या जीपला किंवा पिकअपला साधारण एक इंच असतो, मोटारीला त्याहून कमी. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात बघावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ९८ व्या नियमात चक्रावरच्या खेळाची मर्यादा ३० अंश दिली आहे. चाळीस सेंटिमीटर रुंदीच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेवर साडेदहा सेंटिमीटर, चार इंचांहून थोडे जास्त. ही झाली कायद्याची शेवटची हद्द. तिथपर्यंत वाट बघत बसणं शहाणपणाचं नाही. त्याच नियमात आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत: बॉल जॉइंटवर रबरी टोपी हवी, आणि जोडाचे बोल्ट-पिना निसटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या हव्यात. या दोन्ही गोष्टी किती कामाच्या आहेत ते पुढं येईलच.

पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत ही तपासणी इंजिन चालू ठेवून करायची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि खाली बघणाऱ्याचे हात पंख्यापासून, पट्ट्यांपासून दूर. पॉवर स्टिअरिंग हलकं लागतं, त्यामुळे सांधे झिजलेले लवकर कळत नाहीत हेही ध्यानात ठेवा.

टायरकडे आधी बघा

पुष्कळदा सांधे ठणठणीत असतात आणि दोष असतो हवेत. पुढच्या दोन चाकांत हवा कमी-जास्त असली की गाडी एका बाजूला ओढते, डुलते, आणि आपण टायरॉडला दोष देतो. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना मोजा.

मग टायरवरून तळहात आडवा फिरवा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. एकीकडून हात गुळगुळीत जातो आणि उलट फिरवला की करवतीसारखे दाते लागतात, असं असेल तर चाकं सरळ चालत नाहीत, फरफटत चालली आहेत. म्हणजे टायरॉडची लांबी बिघडली आहे किंवा त्याचा जॉइंट सैल आहे. एकच कड खाल्ली असेल तर चाक कलंडलं आहे. किंगपिन, बॉल जॉइंट किंवा वाकलेला अॅक्सल बघावा लागेल. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा बेअरिंग. टायर खोटं बोलत नाही. जुनी गाडी विकत घेताना मालक काय सांगतो ते ऐका, पण त्याआधी टायरवरून हात फिरवा. नवे कोरे टायर घातलेले दिसले तर जरा जास्तच चौकशी करा.

चाकं जमिनीवर असतानाची तपासणी

गाडी सपाट जागी लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. एकानं चक्रावर बसून ते थोडं थोडं उजवी-डावीकडे हलवत राहायचं, जणू पाळणा हलवतोय. जास्त फिरवायचं नाही, खेळ संपून चाकावर जोर येईल इतकंच. दुसऱ्यानं खाली वाकून एकेक सांधा बघायचा. चाकं जमिनीवर असली की ती वळायला विरोध करतात, त्यामुळे सैल सांधा लपून राहत नाही.

बघायचं काय? एवढंच, की दोन तुकड्यांपैकी एक हलतो आणि दुसरा मागे राहतो का. ड्रॉप आर्म हलला आणि ड्रॅगलिंक उशिरा हलली, तर त्यांच्यामधला बॉल जॉइंट गेला. ड्रॅगलिंक हलली पण चाकाचा आर्म उशिरा हलला, तर त्या टोकाचा जॉइंट. एक चाक वळतं आणि दुसरं जरा थांबून वळतं, तर टायरॉडचं कुठलं तरी टोक. चक्राखालचा दांडा फिरतो पण ड्रॉप आर्म जागचा हलत नाही, तर बॉक्सच्या आत झीज आहे. आणि बॉक्सच चासीवर सरकताना दिसला, तर त्याचे बोल्ट सैल आहेत किंवा चासीला तिथं चीर आहे. ही चीर धुळीच्या आणि तेलाच्या थराखाली दडलेली असते, म्हणून तपासणीच्या आधी ती जागा डिझेलच्या चिंधीनं पुसून घ्या.

नजरेला दिसलं नाही तर तळहात बाहेरून सांध्यावर ठेवा. डोळ्याला चुकणारी ‘टक’ हाताला लागते. मात्र बोटं दोन तुकड्यांच्या मध्ये घालू नका.

एक गोष्ट नीट समजून घ्या. टायरॉड हातात धरून स्वतःभोवती पिळला तर तो थोडा फिरतो, कारण बॉल जॉइंटची घडणच तशी आहे. तो दोष नव्हे. वर-खाली किंवा आत-बाहेर हलला तर दोष. पिळून दाखवून ‘हे बघा, गेलाय’ असं कुणी म्हणालं तर हे आठवा.

रबरी टोपी फाटलेली दिसली, तर जॉइंट आज घट्ट असला तरी फार दिवस टिकणार नाही. आपले रस्ते धुळीचे, ओढे ओलांडायचे, पावसाळ्यात चिखल. फाटक्या टोपीतून वाळू आत जाते आणि ग्रीसमध्ये मिसळून कानशीसारखी चालते. निपल असलेल्या जॉइंटला जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं ग्रीस द्या, विशेषतः पाण्यातून गाडी गेल्यावर. बंद पद्धतीच्या जॉइंटला निपल नसतं. ते सैल झाले की बदलायचेच.

चाक उचलून

आता पुढचं एक चाक जमिनीपासून वर उचला. जीप-पिकअपचा अॅक्सल अखंड असेल आणि त्याखाली पाटे असतील, तर जॅक अॅक्सलखाली लावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. जाड लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावा. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे भाराखाली न सांगता फुटतात, ते नकोतच.

चाकाचा वरचा आणि खालचा भाग दोन हातांनी धरून, एक हात ढकलत आणि एक ओढत, चाक हलवून बघा. खडखड लागली तर दोषी दोघांपैकी एक: हबचं बेअरिंग किंवा किंगपिन. कोणता ते ओळखायची सोपी युक्ती आहे. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की हब आणि त्यामागचा भाग एकमेकांना जखडले जातात. खडखड थांबली तर बेअरिंग सैल, तरीही राहिली तर किंगपिन आणि त्याचे बुश झिजलेले. चारही चाकांना ताकद देणाऱ्या जुन्या जीपमध्ये किंगपिनच्या जागी वर-खाली दोन छोटी टेपर बेअरिंगं आणि पातळ शिम असतात. तिथं शिम काढून खेळ कमी करता येतो. पण बेअरिंगला खड्डे पडले असतील तर शिमनं काही साधत नाही.

मग चाक पुढून-मागून, म्हणजे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून तसंच हलवा. इथं खेळ असला आणि वर-खाली नसला, तर बोट पुन्हा टायरॉडकडे जातं.

चाक हातानं गरकन फिरवून बघा आणि दुसरा हात कमानीच्या पाट्यावर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर घरघर पाट्यातून हाताला लागते. टेपर बेअरिंग नुसतं सैल असेल, तर चाक फिरवत फिरवत नट आवळा, जरा जड झालं की थोडा मागे सोडा, चाक मोकळं फिरेल आणि खेळ उरणार नाही अशा जागी भोक जुळवा आणि नवी स्प्लिट पिन घाला. जुनी वाकवून सरळ केलेली पिन, तारेचा तुकडा किंवा खिळा चालणार नाही. अगदी स्वस्तातली ही वस्तू, पण तिच्यावर अख्खं चाक अडकलेलं आहे. हल्लीच्या बऱ्याच मोटारींत बेअरिंग बंद असतं, ते आवळता येत नाही, आवाज किंवा खेळ आला की बदलावं लागतं.

पाटे, शॅकल आणि यू-बोल्ट

स्टिअरिंगचे सगळे सांधे घट्ट आहेत आणि तरी गाडी रस्त्यावर सरळ राहत नाही, असं झालं की मिस्त्री चक्रावतो. अशा वेळी पाट्यांकडे बघा. पुढचा अॅक्सल गाडीला पाट्यांनीच बांधलेला असतो. पाट्याच्या कानातला बुश किंवा शॅकलची पिन झिजली, तर अख्खा अॅक्सल थोडा पुढं-मागं, आडवा सरकतो, आणि तुम्ही चक्र न फिरवताही चाकं वळल्यासारखी होतात. ब्रेक दाबताना एकदा ‘टक’ आणि सोडताना पुन्हा ‘टक’, अशी खूण असते. शॅकलशेजारी टॉमी घालून हलवलं की कळतं.

यू-बोल्ट सैल झाले तर पाटे एकमेकांवर सरकतात आणि मधला सेंटर बोल्ट तुटतो. मग अॅक्सल एका बाजूनं मागे जातो. याची तपासणी दोरीनं होते. चाकं सरळ ठेवून डाव्या बाजूला पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोरी ताणा, गाठ मारा, तीच दोरी उजव्या बाजूला लावा. दोन्हीकडे सारखीच यायला हवी. बोटभर फरक आला तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. मेन पाट्याच्या कानाजवळ चीर आहे का हेही टॉर्चनं बघा. तो तुटला तर अॅक्सलला धरून ठेवणारं काही उरत नाही.

शॉक अॅब्सॉर्बरला लोक उगाच स्टिअरिंगच्या ढिलेपणाचा दोष देतात. गाडीचा पुढचा कोपरा जोरानं दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिर झाला तर ठीक, तीन-चार वेळा झुलला तर शॉक गेला. त्यानं गाडी उसळते, टायर खाल्ला जातो, पण चक्रावरचा मोकळा खेळ त्यानं वाढत नाही.

जीपवाल्यांची एक जुनी तक्रार असते. ठरावीक वेगाला खड्डा लागला की पुढची चाकं थडथड हलायला लागतात आणि चक्र हातात राहत नाही. अशा वेळी चक्र घट्ट पण न झगडता धरा, पाय अॅक्सिलेटरवरून काढा, वेग आपोआप उतरू द्या. मागाहून टायरचं बॅलन्सिंग, किंगपिन, टायरॉड आणि शॅकल या क्रमानं बघा. काही जण तिथं स्टिअरिंग डॅम्पर बसवून घेतात. हलणं थांबतं खरं, पण सैल सांधा सैलच राहतो, आणि आता तो तुम्हाला सांगतही नाही.

मोटारीचं थोडं वेगळं

मोटारीला पुढं अखंड अॅक्सल नसतो. प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर असतं. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून बहुतेक छोट्या मोटारींत उभा स्ट्रट आणि खाली एकच आर्म अशी रचना आहे. अशा गाडीला बॉडीखालच्या ठरलेल्या जागी जॅक लावा, चाक लोंबू द्या, आणि खालच्या आर्मजवळ टॉमी घालून बॉल जॉइंट हलतो का बघा. पण जिथं गुंडाळलेली स्प्रिंग खालच्या आर्मवरच बसलेली असते, तिथं जॅक त्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावावा लागतो. नाहीतर स्प्रिंगच्या ताणामुळे सैल जॉइंटही घट्ट भासतो आणि तपासणी फसते.

मोटारीत बहुधा बॉक्सऐवजी रॅक असतो. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी भाता असतो आणि आतला बॉल जॉइंट त्या भात्यात लपलेला असतो. मदतनीस चक्र हलवत असताना भाता बाहेरून चिमटीत धरा. आतली टकटक बोटांना लागते. आर्मच्या बुशाचं रबर फाटलं असेल तर ब्रेक दाबताना गाडी एकीकडे ओढते.

बॉक्स सगळ्यात शेवटी

स्टिअरिंग बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो आवळला की खेळ लगेच कमी होतो, म्हणून घाईचा मिस्त्री पहिला हात तिथंच घालतो. ही सवय मला धोक्याची वाटते. बॉक्समधले दाते मधल्या जागी जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला खेळ जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर पूर्ण वळणावर, जिथं झीज कमी आहे, चक्र अडकतं. घाटातल्या वळणावर चक्र परत सरळ आलं नाही, तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय सैल टायरॉड एंड तसाच राहतो. बाहेरचे सगळे सांधे नीट केल्यावरही खेळ उरला, तरच पुस्तकात सांगितल्याप्रमाणे स्क्रूला हात लावा, आणि नंतर चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठं अडत नाही ना ते बघा.

अलाइनमेंटचंही तसंच. सैल सांध्यांवर केलेली अलाइनमेंट म्हणजे डगमगत्या खुंट्यांना दोरी बांधून शेताची हद्द मोजणं. आधी सांधे, मग अलाइनमेंट. टायरॉड एंड बदलताना जुना किती आटे फिरवून निघाला ते मोजून ठेवा आणि नवा तितकेच आटे बसवा, म्हणजे अलाइनमेंटला जाईपर्यंत गाडी बरीचशी सरळ चालेल.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल मधल्या सेंटर पिनवर झुलतो आणि तिथं पाटे नसतात. दोन चाकी ताकदीच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना ब्रेकही नसतात, म्हणून वर सांगितलेली ब्रेकची युक्ती इथं चालणार नाही. त्याऐवजी चाक उचलून हलवा आणि नीट बघा: हब स्पिंडलवर हलतो तर बेअरिंग, स्पिंडल अॅक्सलच्या भोकात हलतो तर बुश. सेंटर पिनची झीज बघायला अॅक्सल पुढं-मागं टॉमीनं हलवा. चिखलणीच्या दिवसांत या सगळ्या जागी पाणी शिरतं, तेव्हा ग्रीस गन रोज फिरली पाहिजे. आणि उसाच्या भरलेल्या ट्रॉलीनं पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ‘हवेत’ लागत असेल, तर तो सांध्यांचा दोष नाही, भार जास्त झाला आहे.

काम झाल्यावर गाडी आधी रिकामी, हळू, मोकळ्या रस्त्यावर चालवा. नवे पाटे किंवा यू-बोल्ट घातले असतील तर पाटे बसले की बोल्ट पुन्हा सैल होतात, तेव्हा काहीशे किलोमीटरनंतर, आणि शक्यतो पहिली भरलेली फेरी घाटात नेण्याआधी, ते परत आवळून घ्या. खडूची खूण चक्रावर तशीच राहू द्या. महिन्याभरानं पुन्हा खेळ मोजला की वाढला का ते लगेच समजेल.